रेघांची वही

३१ डिसेंबर, बुधवार, दुपारी साडेतीन. हिंगोलीतलं आमचं घर, मधली खोली. हजर : बाबा (पलंगावर, तोंड भिंतीकडे), आत्या (सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरून आदल्या दिवशी आलेली), धाकटा भाऊ (कळमनुरीहून मोटारसायकलवर, वीस मिनिटं उशिरा) आणि मी. गैरहजर : आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण विषयाशी तिचा संबंध आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त होता, म्हणून तिची नोंद करते.

विषय एकच होता. नव्या वर्षात आम्ही दोघा भावंडांनी गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, शिकायची. बाबांच्या तोंडात आता तेवढी एकच भाषा उरली आहे आणि ती आम्हाला येत नाही.

ऑगस्टमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. नांदेडला दवाखान्यात नेलं. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी तोंडातून आवाज यायला लागला. मी उशाशी बसून औषधांच्या वेळांचा तक्ता भरत होते. ते काहीतरी म्हणत होते, पुन्हा पुन्हा तेच, आणि मी 'हो बाबा, हो' करत होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असंबद्ध बडबड होईल, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. तक्त्यात एक रकाना वाढवला : बडबड, किती वाजता, किती मिनिटं.

वॉर्ड पुसायला येणारी बाई दोन दिवस जाता-येता बघत होती. शेवटी तिनं फडकं बादलीत टाकलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुमचे वडील कालपासून सांगून राहिले की खांदा दबला म्हणून. तुमी लिहून काय राहिल्या?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"न कळाया काय झालं? मी गोर हाय. तुमी कोण?"

"आम्हीपण."

"मंग?"

मी तक्ता बाजूला ठेवला. दोघींनी मिळून बाबांना कुशीवर वळवलं. खांद्याखाली तळहाताएवढा भाग काळानिळा झाला होता. ती जखम भरायला दिवाळी उजाडली.

घरी आणण्याआधी वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "कधी कधी लहानपणची भाषा राहते आणि नंतर शिकलेली जाते. मराठी परत येईलच असं सांगता येत नाही. जी येतेय तिच्यातच त्यांना बोलतं ठेवा. रोज बोलले तर टिकेल. गप्प राहिले तर आहे तेही जाईल." मी हे लिहून घेतलं आणि शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली.

अडचण अशी की बाबा आमच्यासमोर ती बोली बोलत नाहीत. फोनवर आत्याशी चार वाक्यं बोलतात. मी खोलीत पाऊल टाकलं की ओठ मिटतात. भाऊ आला तरी तेच. त्यांना आमचं मराठी कळतं, मान हलवून हो-नाही सांगतात. बोलत मात्र नाहीत. सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने गेले. नोव्हेंबरपासून आत्यालाही फोनवर त्यांचं बोलणं तुटक वाटायला लागलं.

याचं कारण शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. कारण ट्रंकेत होतं आणि माझ्याच अक्षरात होतं.

बाबा त्यांच्या तांड्यावरून सरकारी कचेरीत लागलेले पहिले कारकून. शाळेत असताना उच्चारांवरून मास्तरांनी त्यांना वर्गात उभं केलं होतं, एकदा नव्हे, वर्षभर. हिंगोलीत बदली झाली तेव्हा एका घरमालकानं आई-बाबांना आपसात बोलताना ऐकलं आणि खोली गेली म्हणून सांगितलं. खोली त्यानंतर दोन महिने रिकामीच होती. बाबा हे आम्हाला रागानं सांगत नसत, हिशेब मांडावा तसं सांगत. शेवटी म्हणत, "माझी लेकरं तोंड उघडल्याबरोबर ओळखू येता कामा नयेत."

मग घरात पद्धत पडली. एक जानेवारीला जाड पुठ्ठ्याची वही निघायची. या वर्षी कोण काय शिकणार ते प्रत्येकाच्या नावानं एका ओळीत लिहायचं. बाबा : टंकलेखन. पुढच्या वर्षी बाबा : इंग्रजी पत्रव्यवहार. मी : तीसपर्यंत पाढे. भाऊ : सायकल. आईच्या नावापुढे दर वर्षी एकच ओळ : घरात शुद्ध मराठी बोलणे. माझं अक्षर चांगलं म्हणून तिसरीपासून वही माझ्याकडे आली. आईला लिहिता येत नव्हतं. तिची ओळ मीच लिहायचे आणि वर्षअखेरीला पुढच्या वर्षावर ढकलायचे.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर रेघा असत. घरात गोरबोलीतला शब्द ज्याच्या तोंडून गेला त्याच्या नावापुढे एक रेघ. बाबा पेपर वाचत बसलेले असायचे. शब्द कानावर पडला की पेपर खाली न करता एक बोट वर करायचे. मी उठून रेघ मारायची. आम्हा पोरांना दहा रेघांना एक पान शुद्धलेखन. आईला शुद्धलेखन देता येत नव्हतं, म्हणून तिच्यासाठी वेगळा नियम होता : होळीपर्यंत पन्नासच्या वर रेघा गेल्या तर होळीला तांड्यावर जायचं नाही.

आमच्यात होळी म्हणजे वर्षाचा सण. तांड्यावर बायका पंधरा-पंधरा दिवस आधीपासून गातात, नाचतात. आई पुढे उभी राहून गायची आणि बाकीच्या मागे म्हणायच्या, असं आत्या सांगते. मी ते लहानपणी पाहिलं असणार, पण मला आठवत नाही.

मी चौथीत होते. होळी चार दिवसांवर आली होती आणि आईच्या नावापुढे बरोबर पन्नास रेघा होत्या. तिनं कपडे बांधून ठेवले होते. सकाळी चुलीवरून पातेलं उतरवताना फडकं निसटलं, हात भाजला आणि तिच्या तोंडून शब्द गेला. बाबा कचेरीत होते. भाऊ खेळायला गेला होता. बोट वर करायला कुणी नव्हतं. मी वही काढली आणि रेघ मारली.

आई हात पाण्यात बुडवून माझ्याकडे बघत होती. मराठीत म्हणाली, "लिहिली का?"

"हो."

"बरं."

संध्याकाळी बाबांनी रेघा मोजल्या. "एक्कावन्न?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा मोजल्या. नंतर बराच वेळ वही मांडीवर धरून बसले. आज वाटतं, मी चुकून जास्त मारली असं म्हणावं म्हणून ते थांबले असतील. मी तसं म्हणाले नाही. मला मोजणीत चूक आवडत नसे. मग ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. आईनं बांधलेलं बोचकं सोडलं आणि कपडे परत खुंटीवर लावले.

पुढच्या वर्षी तिच्या नावापुढे चार रेघा झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकातला शेरा उचलून मी तिच्या ओळीपुढे लिहिलं : प्रगती समाधानकारक. त्या वर्षापासून आई घरात मीठ, पाणी, भाकरी, वेळ एवढंच बोलायची. शेजारणी म्हणायच्या, बाई फार कमी बोलते. मलाही तो तिचा स्वभाव वाटायचा.

आता बैठकीकडे येते.

मी उद्दिष्टं लिहून आणली होती. रोज पाच शब्द, आठवड्याला पाच वाक्यं, मार्चअखेर साधं बोलणं. कामाची वाक्यं आधी : कुठे दुखतंय, कूस बदलू का, पाणी हवं का, भूक लागली का. आत्यानं महिनाभर राहून शिकवायचं. भावानं रविवारी यायचं, इतर दिवशी फोनवर धडा घ्यायचा.

भाऊ शिक्षक आहे. कागद वाचून म्हणाला, "ताई, तू निरीक्षणाला ये, मी वर्ग भरवतो."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "रोज पाच? भाषा का हळद हाय, पोत्यानं मोजून घ्यायला?"

"मोजल्याशिवाय कळत नाही आत्या, किती झालं ते."

"मोजून मोजूनच तर हे झालं, बाई." एवढं बोलून ती बाबांकडे बघायला लागली. मी पुढचा मुद्दा घेतला.

पहिला शब्द तिनंच निवडला. भाकरीला गोरबोलीत बाटी म्हणतात. आम्ही दोघांनी तिच्यामागून म्हटलं. माझा उच्चार तिला पटला नाही. "तुझी बाटी कच्ची हाय," म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

पलंगावर हालचाल झाली. बाबांचा डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि एक बोट वर झालं. तोंड भिंतीकडेच होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, लिही. एक रेघ." त्याला चेष्टा करायची होती. पण म्हणून झाल्यावर तो उठला आणि बाहेर जाऊन मोटारसायकलची सीट पुसत बसला. सीट स्वच्छ होती.

जानेवारी ठरल्याप्रमाणे पार पडला. शब्दांचे कागद मी फ्रीजवर लावले. सकाळी मी कचेरीत जाण्याआधी अर्धा तास आणि आल्यावर अर्धा तास. आत्या शिकवण्यात कडक नव्हती, पण विसरलेलं तिला चालत नसे. "काल पाच दिले, तीन कुठं सांडले?" भावाला ती फोनवरच झापायची. "तू मास्तर कसा झाला रे? तुला तर माझ्या बकरीएवढं बी ध्यानात राहत न्हाई." मला कठीण जात होतं ते वेगळंच. शब्द पाठ व्हायचा, पण तोंडातून काढायच्या क्षणी मी अडायचे. एकोणपन्नासाव्या वर्षी माझे डोळे अजून बाबा पेपर वाचत बसायचे त्या जागेकडे जायचे.

बाबांसमोर मी रोज एक वाक्य म्हणायचे. रोज बोट वर व्हायचं. भाऊ म्हणाला, निदान काहीतरी उत्तर देतात. आत्या म्हणाली, "बोटाला का जीभ हाय?"

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी चष्मा घरी विसरले म्हणून जेवणाच्या सुट्टीत परत आले. आत्या मागच्या अंगणात धुणं धूत होती. पुढचं दार उघडंच होतं. मी चपला काढत असताना मधल्या खोलीतून आवाज आला. बाबा बोलत होते. तुटक नाही, सलग, हलक्या आवाजात, मध्येच थांबून, जसं समोरच्याचं ऐकून घेतात तसं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तोपर्यंत मला नव्वद शब्द येत होते. त्यांतले दोन ओळखू आले : छोरी, म्हणजे मुलगी, आणि लिहिणं. ते वाक्य दोनदा आलं. मी पर्समधून पेन काढलं आणि ऐकू आलं तसं वाक्य पावतीच्या पाठीवर उतरवून घेतलं. मग फरशीवर माझं पाऊल वाजलं आणि आवाज थांबला.

मी मागच्या दारानं आत्याकडे गेले आणि वाक्य वाचून दाखवलं. तिनं हातातला टॉवेल पिळायचा थांबवला. मला पुन्हा वाचायला लावलं.

"तुझ्या आईशी बोलून राहिला," ती म्हणाली. "म्हणतो, हळू बोल. पोरगी जागी हाय. पोरगी लिहिती."

"ते दोघं बोलायचे?"

"मंग काय मुके होते? पहाटं बोलायचे, तुमी निजलेले असताना. तुझी आई मला सांगायची. तुझा बाप लई भ्यायचा म्हणायची."

"बाबा? कुणाला?"

आत्यानं टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला. "नियम त्याचा होता बाई. पण वही तुझ्यापाशी होती. एकदा त्या होळीचं झालं, तवापासून त्याला वाटायचं, आपणच मोडलं तर लेकरू कोणाचं ऐकंल? त्यानंच तुला वहीवर बसवलं अन् तोच तुला भ्याला. आता मी काय सांगू."

मी चष्मा घेऊन कचेरीत परत गेले. दुपारची दोन पत्रं चुकली, पुन्हा टाइप करावी लागली.

संध्याकाळी आत्यानं मला समोर बसवलं. "तूच त्याला सांग. आपल्या बोलीत सांग. म्हण, बोला बाबा, आता कोणी लिहीत न्हाई. मंग ती वही त्याच्या डोळ्यादेखत फाड."

त्या रविवारी भावाला हे कळल्यावर तो म्हणाला, "मी सांगू का? मला येतं ते वाक्य."

"तू लिहीत नव्हता," आत्या म्हणाली.

वाक्य लहान आहे. आत्यानं ते मला तीन दिवस घोकून घेतलं. माझ्या उद्दिष्टांच्या कागदावर मी ते आठव्या क्रमांकावर वाढवलं. न्हाणीघरात, कचेरीच्या जिन्यावर, कुठेही मी ते बिनचूक म्हणते.

ट्रंकेतून वही काढली. पुठ्ठा सुटला आहे, पानं शाबूत आहेत. पुढच्या रविवारी, भाऊ आणि आत्या स्वयंपाकघरात थांबले आणि मी वही घेऊन पलंगापाशी बसले. बाबांनी मान वळवली. त्यांनी वही ओळखली. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी ओठ आत ओढून घेतले आणि डावं बोट वर केलं. माझा हात खिशाकडे गेला होता. पेन काढायला गेला होता, हे मला नंतर कळलं. मी वाक्य आठवलं. ते पूर्ण आठवलं. आणि मराठीत म्हणाले, "बाबा, गोळीची वेळ झाली."

गोळीची वेळ व्हायला अजून पाऊण तास होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आत्या तांड्यावर परतली. मुलाच्या शेतातली हळद काढणीला आली होती आणि सुनेला एकटीला जमण्यासारखं नव्हतं. जाताना म्हणाली, "शब्द झाले तुझे बक्कळ. आता ते एक म्हण." जीपमध्ये बसल्यावर काच खाली करून पुन्हा म्हणाली, "काहून थांबून राहिली? तो थांबणार न्हाई."

ती गेल्यावर चार दिवसांनी बाबांना दुसरा, लहान झटका आला. नांदेडला जावं लागलं नाही, पण मॅडम घरी येऊन तपासून गेल्या. म्हणाल्या, आता शब्द कमी कमी होत जातील, जे बोलून घ्यायचं ते लवकर बोला. दिवसा सांभाळायला जी बाई येते तिला मी विचारते, दुपारी काही बोलले का? ती सांगते, तोंड हलतं, आवाज येत नाही.

आज फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. महिन्याचा आढावा घेतला. शब्द दोनशे दहा. क्रमांक एक, कुठे दुखतंय ते विचारणे : येतं. क्रमांक दोन, कूस बदलू का : येतं. पाणी, भूक, थंडी, उजेड : येतं. क्रमांक सात, आईविषयी दोन वाक्यं : येतात, वापरली नाहीत. भावाची प्रगती माझ्या निम्मी आहे, पण त्याचे उच्चार बरे आहेत, असं आत्याचं म्हणणं.

गुरुवारपासून बाबांचं बोट वर झालेलं नाही. मी आज सकाळी त्यांना गोरबोलीत विचारलं, पाणी हवं का. ते माझ्याकडे बघत राहिले. हात पांघरुणावर होता. मी वाट पाहिली. मग चमच्यानं पाणी पाजलं.

उद्या रविवार आहे. भाऊ नऊला येईल. त्याच्या आधी, चहाच्याही आधी, पेन कपाटात ठेवून, रिकाम्या हातानं पलंगापाशी जायचं आहे. वही नंतर आणायची. क्रमांक आठ बाकी आहे.